गाळताईचा शेरा

नोटीस धाकट्याच्या शेडच्या दारावर सकाळी नऊला चिकटवली गेली आणि सव्वानऊला गाळताईपर्यंत पोहोचली. पोहोचवणारा टपालवाला नव्हता. धाकट्यानेच ती खळीसकट उपटली, होडीला डांबर लावून काळे झालेले हात घेऊन तरातरा चालत आला आणि मोजणी केंद्रातल्या तिच्या टेबलावर आणून आपटली.

"वाच. मोठ्याने वाच."

तिने चष्मा लावला. नदीकाठ ढासळत असल्याबाबत व दगडी भिंत बांधून मिळण्याबाबतचा आपला अर्ज तपासण्यात आला. धरणामुळे नदीतील गाळ कमी झाला हे आपले म्हणणे मोजणी केंद्राच्या गेल्या बारा वर्षांच्या नोंदींशी जुळत नाही. गाळाचे प्रमाण पूर्वीइतकेच आहे. सबब, काठ ढासळण्याचे कारण आपण काठावर होड्या ओढता हेच असून ते काम ताबडतोब थांबवावे. काही म्हणणे असल्यास येत्या सोमवारी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावे.

"मागच्या पानावर सही कुणाची आहे, तीही वाच."

नोटिशीला रजिस्टरच्या एका पानाची नक्कल जोडली होती. पानाच्या तळाशी सही तिचीच होती, शाळेत घटवल्यासारखी गोल, स्वच्छ. गाळताईला ती सही बघून स्वतःचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. साहेबांचाही नाही, आणि साहेबांच्या बाबतीत ती काही हात आखडता घेणारी बाई नव्हती.

"मला इतकी वर्षं वाटायचं, तुझे आकडे वर गेल्यावर ते लोक बदलतात," धाकटा म्हणाला. "चौकात, बाजारात, सगळीकडे मी हेच सांगत फिरलो. माझी बहीण खरं लिहिते, वरचे खोटं करतात म्हणून."

"बस," ती म्हणाली. "सांगते."

"उभाच बरा आहे."

मग तिने सांगितलं. पण ते कळायला आधी तिचं काम कळायला हवं. गावातल्या निम्म्या लोकांना ते कधीच कळलं नाही. पगार घेऊन रोज एक बाटली पाणी भरणारी बाई, एवढंच त्यांच्या लेखी ते काम. गाळताई हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि तिनेही ते कुरकुर न करता वापरायला घेतलं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर ती म्हणायची, रोज आठला नदीवर जायचं असतं. विचारणारा गप्प व्हायचा, आणि तिला तेच हवं असायचं.

काम तिच्या वडिलांचं. ते थकल्यावर ते तिच्याकडे आलं. सकाळी आठला जुन्या पुलाच्या मधल्या खांबापाशी उभं राहायचं. लोखंडी पिंजऱ्यात लिटरभराची बाटली, पिंजऱ्याखाली शिशाचं वजन. दोरीने पिंजरा खाली सोडायचा. शिसं तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणेवरून नदीची खोली कळते. मग पिंजरा मध्यावर उचलायचा आणि शंभरपर्यंत मोजायचं. शिसं टेकताना तळाचा चिखल ढवळतो, तो वाहून जाऊ द्यायला हे शंभर आकडे. त्यानंतर बारीक सुतळी ओढून बुचाला हिसका द्यायचा, बाटली भरायची. ते पाणी केंद्रात आणून कागदातून गाळायचं, कागद भट्टीत वाळवायचा, आणि काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलायचा. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की उरतो तो गाळ. तारीख कागदावर पेन्सिलीने घालायची, तीही पहिल्या तोलाच्या आधी, कारण अक्षरालासुद्धा वजन असतं.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी वडील दोघा भावंडांना पुलावर न्यायचे आणि आकडे मोजायचं काम त्यांच्याकडे द्यायचे. ती सावकाश मोजायची. धाकटा साठानंतर धावत सुटायचा, आणि वडील त्याला परत एकपासून सुरू करायला लावायचे. "नदीला घाई नाही, तुला कसली आहे रे?" रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो वडिलांनी पस्तीस वर्षांत एकदाही भरला नाही. नदी काय म्हणते ते आपण लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि वापरलेला कागद कधीही फेकायचा नाही, हेही.

तेव्हा कागद उतरायचे ते कसे उतरायचे! ओल्या जाड थराचे, तपकिरी, बोट लावलं तर लोण्यासारखे मऊ. पावसाळ्यातली सरासरी लिटरला एक पूर्णांक चार ग्रॅम. एवढ्याशा चिमटीचं कौतुक कुणाला वाटावं? पण तीच चिमूट नदीभर, वर्षभर खाली येत होती. तिच्यातून काठ दर पूर ओसरल्यावर वीतभर वाढायचा. तिच्यातलंच खत खाऊन मुखाशी पाण्यात बारीक हिरवं जीवन वाढायचं, त्यावर मासे यायचे, आणि माशांवर अर्धं गाव जगायचं. धाकट्याचं होड्या दुरुस्त करायचं दुकान पुलाच्या वरच्या अंगाला, अशाच काठावर उभं राहिलं. तीन शेड, समोर उतार, उतारावर ओढून ठेवलेल्या होड्या. आजोबाही तिथेच होड्या ओढायचे, आणि तेव्हा काठ ढासळत नव्हता, उलट पुढे सरकत होता. नोटीस लिहिणाऱ्याने हे विचारायची तसदी घेतली नाही.

तेरा वर्षांपूर्वी वर धरण झालं. दरवाजे बंद झाले, तळं भरलं, फीत कापली गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात गाळताईच्या बाटलीत पाणी आलं ते नळाच्या पाण्यासारखं. कागद पांढरा. काटा हललाच म्हणायचा, इतकाच हलला. तिला त्यात नवल वाटलं नाही. बाटली तासभर टेबलावर ठेवली तर गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं, हे ती रोज बघत होती. धरण म्हणजे टेबलावर ठेवलेली भली मोठी बाटली. गाळ वर धरणाच्या पोटात बसत होता, आणि खाली नुसतं पाणी येत होतं. तिने आला तो आकडा लिहिला. शून्य पूर्णांक शून्य चार.

महिन्याभरात पत्र आलं. आपल्या नोंदी मागील दहा वर्षांच्या सरासरीशी विसंगत आहेत. काटा तपासून घ्यावा. सरासरीशी जुळेपर्यंत फेरनमुना घ्यावा. पाठोपाठ त्या वेळचे साहेब स्वतः आले, खुर्ची रुमालाने झटकून बसले आणि म्हणाले, "बाई, केंद्राला अर्थ असेल तरच केंद्र चालतं. नोंदी अशाच येत राहिल्या तर हे बंद करून तुम्हाला वरच्या कार्यालयात घ्यावं लागेल."

वरचं कार्यालय दीडशे मैलांवर. आणि केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत वडील अंथरुणाला खिळलेले, डावी बाजू गेलेली, रोज साडेनऊला डोळ्यांनीच विचारणारे, आज किती?

तिने दुसऱ्या दिवशी पुलावर पिंजरा सोडला. शंभरपर्यंत मोजलं, बाटली भरली. मग परत पिंजरा सोडला, शिसं तळावर दोनदा आपटलं, आणि न मोजता सुतळी ओढली. बाटली गढूळ भरली. कागद तपकिरी उतरला. एक पूर्णांक तीन. रजिस्टरमध्ये तो आकडा गेला आणि वरून पुन्हा कधीही पत्र आलं नाही. खोटं म्हणजे एवढंच. तिने आकडा मनाने कधी लिहिला नाही, कागद कोरा ठेवून कधी सही केली नाही. फक्त शंभर आकडे गाळले.

वडील त्याच हिवाळ्यात गेले. त्यांच्यानंतर तिला कुणाचं भय नव्हतं, तरी दुसरी बाटली सुटली नाही. ही गोष्ट तिला स्वतःलाही नीट सांगता येत नसे. पहिलं वर्ष वडिलांसाठी, दुसरं वर्ष पहिलं झाकण्यासाठी, आणि पुढची वर्षं अंगवळणी पडलं म्हणून. पण पहिली, खरी बाटलीही तिने एक दिवस चुकवली नाही. ते पांढरे कागद तारखेनिशी पत्र्याच्या डब्यांत साठत गेले. बारा वर्षांत अकरा डबे.

धाकट्याने हे सगळं उभ्याने ऐकलं. या बारा वर्षांत त्याची पहिली शेड गेली होती, चार वर्षांनी दुसरी. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी रिकाम्या हाताने येई आणि जाताना काठ घेऊन जाई. तिसऱ्या शेडच्या पुढे आता सात पावलं जमीन उरली होती, आणि त्या सात पावलांसाठी त्याने दगडी भिंत मागितली होती.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "माझ्या शेडमध्ये बसून चहा प्यायचीस. दुसरी शेड गेली त्या दिवशी माझ्याबरोबर पत्रे ओढलेस पाण्यातून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन लिहिलंस, एक पूर्णांक चार."

"हो."

"भिंत तेव्हाच मिळाली असती."

"कदाचित."

"कदाचित नको म्हणूस," तो म्हणाला आणि निघून गेला. खळ लागलेली नोटीस टेबलाला चिकटून राहिली. ती सुरीने खरवडून काढावी लागली.

सोमवारी शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. आत्ताचे साहेब तिसरे. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस परवडला असता, त्याच्याशी भांडता तरी येतं. हे साहेब हसतमुख होते, सगळ्यांना आधी बसा म्हणत आणि मग कुणाचंही ऐकत नसत. समोर मासेमारीवाले आणि काठावरची घरं गेलेली चार-पाच कुटुंबं बसली होती. धाकटा मागच्या बाकावर, शेजारी भावजय. गाळताई आत आली तशी भावजयीने बाकावर सरकून जागा केली. धाकट्याने मान वळवली नाही.

साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "भावना मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण आकडे आकडे असतात. आणि खरं सांगायचं तर गाळ म्हणजे शेवटी घाणच. धरणामुळे पाणी निवळ झालं असतं तर आपण आभार मानले असते."

गाळताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, बरोबर आणलेल्या अकरा डब्यांपैकी दोन हातात घेऊन पुढे गेली आणि साहेबांच्या रजिस्टरवरच ठेवले.

"त्या घाणीवर हे लोक जेवत होते," ती म्हणाली. "ती घाण तुमच्या धरणाच्या तळाला बसलीय. धरणाच्या तळाला गाळ सोडायचे दरवाजे आहेत, ते एकदाही उघडलेले नाहीत, कारण पाणी वाया जातं म्हणे. खाली मासे गेले, काठ गेला, ते वाया नाही. रजिस्टरमधले आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. खरे या डब्यांत आहेत."

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता काही उरलं नव्हतं.

"बाई, सात महिन्यांनी तुमची निवृत्ती आहे. विचार करून बोला."

"बारा वर्षं विचारच केला. आता बोलते."

तिने दोन बाटल्यांची गोष्ट सांगितली, शंभर आकड्यांसह. साहेबांनी एक पांढरा कागद उचलला, उजेडात धरला. "यातून नदीचंच पाणी गेलं कशावरून? कोरे कागद काय, दुकानात मिळतात."

"माझ्या केंद्राला दिवसाला एक कागद लागतो. मी बारा वर्षं दोन मागवले, आणि तुमच्या भांडाराने ते पाठवले. मागणीपत्रं तुमच्याकडे आहेत, त्यांवर तुम्हा तिन्ही साहेबांच्या सह्या आहेत. दुसरा कशाला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. हे खात्याचं पत्र. सरासरीशी जुळेपर्यंत फेरनमुना घ्यावा, म्हणून. मी जुळवलं. तुम्हाला जे हवं होतं तेच तुम्हाला रोज मिळत होतं, मग विचारणार कशाला?"

मागून कुणीतरी हसलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, डबे ताब्यात घेतले आणि निर्णय कळवू म्हणाले. बाहेर पायरीवर भावजयीने तिचा हात धरला. "वन्सं, ते बोलतील. वेळ लागेल. पण बोलतील." धाकटा तोवर रस्त्याच्या वळणापलीकडे गेला होता.

निर्णय तीन आठवड्यांत आला. इतक्या लवकर त्या कार्यालयातून काही आल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. खोट्या नोंदी केल्याबद्दल मोजणी कर्मचारी निलंबित. सर्व रजिस्टरे अविश्वसनीय ठरवण्यात येत आहेत. डब्यांतील कागद खासगी असल्याने विचारात घेता येत नाहीत. परिणामी गाळाबाबत कोणतीही विश्वासार्ह माहिती उपलब्ध नसल्याने भिंतीचा अर्ज तूर्त फेटाळण्यात येतो. तीन वर्षांच्या नव्या मोजणीनंतर फेरविचार होईल. तोवर काठावर होड्या ओढू नयेत. आणि सर्वांत खाली, कर्मचारी नसल्याने मोजणी केंद्र बंद ठेवण्यात येत आहे.

गाळताईने ते दोनदा वाचलं. खोटे आकडे होते तोवर ते खरे मानून भिंत नाकारली, आता ते खोटे निघाले म्हणून भिंत नाकारली. मोजणी तीन वर्षं करायची आणि मोजणारं केंद्र बंद करायचं. तिला रडू आलं नाही. तिने घरातली एकुलती एक काचेची बरणी उचलून अंगणातल्या दगडावर फोडली, मग झाडू घेऊन काचा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला धाकटा दारात उभा होता. हातात लोखंडी पट्ट्यांचा नवा पिंजरा, रात्रीची कानस लागलेला, अजून चकचकीत.

"खाली शिसं ओतलंय," तो म्हणाला. "दोरी तुझ्याकडे असेल."

"आहे."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"मी मागितलीही नाही अजून."

"मोजायला माणूस लागतो म्हणून आलोय. चल."

पुलाच्या मधल्या खांबापाशी तिने पिंजरा सोडला. शिसं तळाला टेकलं, तिने तो मध्यावर घेतला आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागली. धाकटा कठड्यावर कोपरं टेकून मोठ्याने मोजत होता. साठानंतर तो धावला. ती थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो चरफडला, आणि परत एकपासून सुरू केलं.

त्या दिवसापासून खंड पडला नाही. गाळायचे कागद ती शाळेला प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून आणायची. वाळवणं भावजयीच्या शेगडीजवळ, तोलणं बाजारातल्या सोनाराच्या काट्यावर. सोनार पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, यात काहीच नाही." ती म्हणाली, "तेच मोजायचंय." मग तारीख, वजन, रकाने आखलेलं एक पान आणि तो पांढरा कागद पाकिटात घालून साहेबांच्या नावाने टपालात. रोज एक. साहेब हजेरी घेतात तशी ती रोज त्यांची हजेरी घेत होती. महिनाभराने उत्तर आलं, कृपया अशी पाकिटं पाठवू नयेत. त्या दिवशीचं पाकीटही तिने वेळेवर टाकलं. शेऱ्याचा रकाना मात्र ती वडिलांसारखा कोराच ठेवायची.

पावसाळ्यात धरण भरलं. एका दुपारी दरवाजे उघडले, आणि निवळ, हिरवट पाणी काठाशी लागून धावू लागलं. सात पावलांची चार झाली, संध्याकाळपर्यंत दोन. धाकट्याने अवजारं आणि एक होडी काढली. दुसरीच्या तळाची फळी काढलेली होती, ती हलवता आली नाही. सकाळी सहाच्या सुमाराला शेडखालचा काठ आवाज न करता बसला, आणि आजोबांच्या वेळचा उतार, पत्रे, खांब, ती होडी, सगळं एकदमच नदीत उतरलं. भावजय रस्त्यावर अवजारांच्या ढिगाशेजारी बसून होती. धाकट्याने घड्याळ बघितलं.

"आठ वाजत आले," तो म्हणाला.

दोघं पुलावर गेली. पिंजरा सोडला, शिसं टेकलं, मध्यावर आलं. धाकट्याने मोजलं. या वेळी साठानंतर तो धावला नाही. एकेक आकडा त्याने पूर्ण उच्चारला, शंभरपर्यंत. गाळताईने सुतळी ओढली.

बाटली वर आली ती तपकिरी. बारा वर्षांत, शंभर आकडे पुरे मोजून, पहिल्यांदा. धाकट्याने मान वळवून वरच्या अंगाला, कालपर्यंत त्याची शेड होती तिकडे बघितलं.

कागद जाड थराचा उतरला, लोण्यासारखा मऊ. सोनाराने काट्यावर ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. एक पूर्णांक चार ग्रॅम. बरोबर साहेबांच्या सरासरीएवढा.

गाळताईने पान आखलं. तारीख घातली, वजन घातलं. मग पेन्सिल शेवटच्या रकान्यावर नेली, आणि घरात कुणीही कधी न भरलेला शेरा गोल, स्वच्छ अक्षरात भरला.

"आकडा जुळला. हा गाळ माझ्या भावाच्या शेडखालचा आहे."

खाली सही केली आणि पाकीट नेहमीसारखं टपालात टाकलं.